रीपर ७ मध्ये गाण्याचे टेक जोडणं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

काम भावगीत आणि भक्तिगीतांचं. जागा घरातली खोली, एक कंडेन्सर माइक, रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. ऑक्टोबर २०२३ मध्ये रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची सातवी आवृत्ती आली आणि तिच्यात फिक्स्ड लेन आल्या. प्रत्येक टेक (तोच भाग एकदा गाऊन घेतलेलं रेकॉर्डिंग) आपापल्या लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकमधल्या वेगळ्या पट्टीत राहतो. हव्या त्या शब्दांवरून माउस ओढला की तेवढा तुकडा जोडणीच्या लेनमध्ये जाऊन बसतो, आणि कडा पुढेमागे केली की शेजारचा तुकडा आपोआप जुळवून घेतो. निवड करणं यानं फार सोपं झालं. दोन तुकड्यांमधला सांधा कुठे घालायचा हे मात्र कानानंच ठरवावं लागतं, आणि गाणं बिघडतं ते तिथेच.

आधी मांडणी. लेन आपोआप मिळत नाहीत, ट्रॅकवर राइट क्लिक करून सुरू कराव्या लागतात. कडवं निवडून ते पुन्हापुन्हा वाजेल असा लूप लावायचा, पण निवड एक आवर्तन अलीकडून धरायची. आठ मात्रांचा केरवा, मिनिटाला ९० मात्रा, म्हणजे साधारण सव्वापाच सेकंद. ही जागा नसली तर गायकाला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही आणि प्रत्येक टेकचा पहिला शब्द दबका येतो. एका बैठकीत चार-पाच टेक पुरे. पुढे गळा थकतो, शिवाय निवडायला जास्त टेक असले की कान गोंधळतो. स्नॅप बंद ठेवायचा (ऑल्ट आणि एस), नाहीतर काप ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या रेघांवर जाऊन बसतो आणि शब्द चिरला जातो.

आता सांधा. क, च, ट, त, प ही सर्वांत उत्तम जागा. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात आणि क्षणभर आवाजच नसतो. त्या शांततेत काप घातला तर कुणालाही कळत नाही. ‘स’ आणि ‘श’ म्हणजे नुसता घर्षणाचा आवाज, त्यांच्या मधोमध कापलं तरी चालतं. म, न, ल, ळ, य, व यांच्यात आवाज सलग वाहत असतो, तिथे शक्यतो जाऊ नये.

‘आभाळ भरून आलं’ एवढी ओळ घ्या. ‘आभाळ’ तिसऱ्या टेकमधला, ‘भरून आलं’ पाचव्यातलं. ‘भ’ घोष व्यंजन आहे, म्हणजे म्हणताना कंठ कंप पावत असतो, त्यामुळे ओठ मिटलेले असतानाही तरंगात एक बारीक, गोलसर गुणगुण दिसते. काप त्या गुणगुणीत घालायचा. वीस-तीस मिलिसेकंद उशीर झाला तर ‘भ’चा स्फोटच उडतो आणि ‘अरून’ ऐकू येतं. लवकर झालं तर पाचव्या टेकमधल्या ‘ळ’ची शेपटीही येते आणि ‘आभाळळ’ होतं. स्फोट राहिला पण त्यामागची हवा गेली, तर ‘भ’चा ‘ब’ होतो. हा दोष स्पीकरवर निसटतो, हेडफोनवर लगेच सापडतो.

व्यंजनावर १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा मावळता मावळता दुसरा वर येणं) पुरतो. टेपच्या काळात पाव इंची टेप ब्लेडनं ४५ अंशांत तिरकी कापत. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाला त्या तिरक्या कापातून सुमारे १७ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड आपोआपच मिळायचा. लांबवलेल्या स्वरावर सांधा टाळता येत नसेल, तर २० ते ४० मिलिसेकंद द्यावेत. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या मध्य सा च्या तरंगाचं एक आवर्तन सुमारे ७ मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे २० मिलिसेकंदांत जेमतेम तीन आवर्तनं बसतात. ऑल्ट दाबून माउसनं तुकड्यातला आवाज सरकवायचा आणि दोन्ही तरंगांची शिखरं एकावर एक आणायची. ती जुळली असतील तर समान गेनचा फेड (दोन्ही तुकड्यांच्या पातळ्यांची बेरीज सारखी ठेवणारा) वापरावा, कारण समान पॉवरच्या (मधल्या भागात दोन्ही तुकडे थोडे मोठे ठेवणाऱ्या) फेडनं तिथे आवाज ३ डेसिबलपर्यंत फुगतो. जुळलेली नसतील तर समान पॉवरचाच बरा. मींड किंवा आंदोलन चालू असताना मात्र कापूच नये. दोन टेकमधली मींड कधीच एका चालीनं चढत नाही.

श्वास पुढच्या ओळीचा असतो, म्हणून काप श्वासाच्या आधी. श्वास मोठा वाटला तर ६ डेसिबल खाली घ्यावा, पुसू नये. पुसला की गाणं यंत्रातून आल्यासारखं वाटतं.

बरेचसे बिघाड काप घालण्याच्या आधीच झालेले असतात. माइकपासूनचं अंतर २० सेंटिमीटरवरून १० वर आलं की पातळी ६ डेसिबलपर्यंत वाढते आणि खर्जही फुगतो. पातळी गेननं (आवाज कमी-जास्त करून) सावरता येते, आवाजाचा पोत सावरत नाही. म्हणून जमिनीवर चिकटपट्टी लावून पाय तिथेच ठेवायला सांगावं. तानपुरा उघड्या हेडफोनमधून माइकमध्ये गळला तर प्रत्येक सांध्यावर त्याची तार उडी मारते. बंद पाठीचे हेडफोन घ्यावेत, तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर ठेवावा. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) गायकाला ऐकायला द्यावा, रेकॉर्डमध्ये घेऊ नये, कारण कापला की त्याची शेपटी तुटते. पंखा बंद, आणि खोलीची नुसती शांतता दहा सेकंद वेगळी घेऊन ठेवायची. श्वासांमधल्या पोकळ्या तिनंच भरतात.

क्रम असा : आधी निवड पक्की करायची, मग सांधे, मग तुकड्यांचं गेन, आणि सूर दुरुस्ती व कॉम्प्रेसर (लहानमोठ्या आवाजातला फरक कमी करणारं साधन) सर्वांत शेवटी. निवड चालू असतानाच जोडलेल्या तुकड्यांवर बारीक काम सुरू केलं तर ते मूळ लेनपासून वेगळे पडतात आणि पुढचा बदल किचकट होतो. पहिला आणि शेवटचा टेक एकाच अंतऱ्यात मिसळू नये. गळा तापल्यावर स्वराची धार बदललेली असते.

रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. एकट्यादुकट्यासाठी परवाना ६० डॉलरचा, आठव्या आवृत्तीपर्यंतचे बदल त्यातच.

बिनतालाच्या आलापाला मात्र ही पद्धत लागू पडत नाही. प्रत्येक टेकमध्ये ‘ग’ वेगळ्या सेकंदाला येतो, त्यामुळे लेन एकाखाली एक ठेवून काही जुळत नाही. तिथे एकच सलग टेक धरावा, आणि एखादी जागा चुकली असेल तर आधीच्या श्वासापासून पुढच्या श्वासापर्यंतचा आख्खा तुकडा पुन्हा गाऊन घ्यावा.