एका रंगाचा संच आणि दोन वेगळ्या अंगांची कुत्री

पाळीव कुत्र्यासाठी गळपट्टा, हार्नेस (छाती आणि खांद्यांभोवती बांधायचे पट्टे), लीश (कुत्र्याला धरून नेण्याची दोरी), गादी, जेवणाचे भांडे, गळ्यात बांधायचा रुमाल आणि खेळणे अशा सात वस्तू एकाच रंगात व एकाच नक्षीत देणारे संच आता अनेक कंपन्या विकतात. असाच एक संच, गडद तांबड्या रंगाचा आणि त्यावर बारीक सोनेरी चौकटी असलेला, आमच्या दोन्ही कुत्र्यांसाठी ज्याच्या त्याच्या मापात घेतला होता आणि तो उन्हापावसात भरपूर वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. एक कुत्री लॅब्रॅडॉर आहे: खोल छातीची, पाणी दिसले की त्यात शिरणारी आणि वयामुळे मागच्या पायांनी अलीकडे जड झालेली. दुसरा पग आहे: आखूड नाकाचा, जाड मानेचा आणि थोडे चालले तरी श्वासाचा आवाज येणारा. संच देखणा आहे यात वाद नाही. तरीही सात वस्तूंपैकी गळपट्टा, लीश आणि भांडे या तीनच वस्तूंची मनापासून शिफारस करता येते. उरलेल्या चार वस्तूंमधले दोष बाजारातल्या इतर संचांतही सर्रास दिसतात, म्हणून त्यांविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

गळपट्ट्यापासून सुरुवात करायची तर त्याचे काम उत्तम आहे. पट्टी नायलॉनची असून तिच्या कडा आत दुमडून शिवलेल्या आहेत, त्यामुळे मानेवरचे केस कडेला घासून तुटत नाहीत. लीश अडकवायची अर्धगोल कडी जोड वितळवून बंद केलेली आहे. ही बाब दुकानात हमखास नजरेतून सुटते. नुसती वाकवून टोके जुळवलेली कडी जोराच्या हिसक्याने उघडू शकते, म्हणून कडी बोटांत फिरवून जोडाची फट लागते का ते नखाने पाहावे. पट्टा बांधल्यावर त्याच्या आणि मानेच्या मध्ये दोन बोटे सहज जावीत, पण पट्टा कानांवरून पुढे निसटू नये, हे माप बहुतेक कुत्र्यांना लागू पडते. ग्रेहाउंड किंवा व्हिपेट यांसारख्या जातींचे डोके मानेपेक्षा अरुंद असते आणि साधा पट्टा त्यांच्या डोक्यावरून सहज निघून येतो. त्यांच्यासाठी ओढ बसल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्यावा लागतो, आणि तो या संचात कोणत्याही मापात मिळत नाही. लॅब्रॅडॉर वारंवार भिजत असल्यामुळे रंग उतरेल अशी शंका होती, परंतु तिच्या फिकट केसांवर तांबड्या रंगाचा डाग पडला नाही. नायलॉन वाळायला वेळ लागतो आणि ओला राहिला की त्याला वास येऊ लागतो, ही अडचण मात्र आहे. रोज पाण्यात जाणाऱ्या कुत्र्यासाठी प्लॅस्टिकचे आवरण चढवलेली, पुसली की कोरडी होणारी पट्टी अधिक सोयीची पडते. दिसायला ती चामड्यासारखीच भारदस्त असते. शिवाय दोन कुत्री एकमेकांशी मस्ती करत असताना गळपट्टे काढून ठेवणे चांगले, कारण एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला की दोघेही घाबरून ओढू लागतात आणि पट्टा पिळत जातो.

आता हार्नेस. संचातली ही सर्वांत आकर्षक वस्तू आहे, छायाचित्रांतही तीच उठून दिसते आणि माझी सर्वांत मोठी तक्रारही तिच्याविषयीच आहे. तिची रचना अशी की एक रुंद, आडवी पट्टी छातीच्या पुढून एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत जाते. नक्षी ठसठशीत दिसावी म्हणून ती इतकी रुंद ठेवलेली आहे हे उघड आहे. कुत्र्याला माणसासारखे काम करणारे गळ्याचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेले नसून केवळ स्नायूंनी बांधलेले असतात, आणि प्रत्येक पावलाला खांद्याचे पाते पुढेमागे सरकते. शरीराचे सुमारे साठ टक्के वजनही पुढच्याच पायांवर असते. अशा ठिकाणी आडवी पट्टी आवळली की पाऊल पूर्ण पुढे पडत नाही. लॅब्रॅडॉरच्या चालीत हे स्पष्ट दिसले: साध्या गळपट्ट्यावर ती लांब टांगा टाकत चालते, या हार्नेसमध्ये तीच आखूड, घाईची पावले टाकू लागली. कुणाला बाजूने उभे करून फोनवर चित्रण करायला सांगावे आणि ते सावकाश पाहावे, म्हणजे फरक कळायला तज्ज्ञ असण्याची गरज पडत नाही.

याउलट छातीच्या हाडावर इंग्रजी वाय अक्षरासारख्या आकारात एकत्र येणारी पट्टी खांद्यांना मोकळे ठेवते. पोटाखालची पट्टी पुढच्या पायांच्या बगलेला चिकटून नसावी, बगल आणि पट्टी यांच्यामध्ये लहान कुत्र्याला दोन आणि मोठ्या कुत्र्याला तीनचार बोटांचे अंतर राहावे. आमच्या पगच्या बाबतीत हे अंतर जवळजवळ नव्हतेच. त्याच्या बगलेतल्या पातळ, केस विरळ असलेल्या कातडीवर पट्टीच्या रुंदीइतकाच लालसर पट्टा उमटला होता आणि कडेची शिवण जिथे टेकते तिथे केस तुटून खुंट उरले होते. पाठ आणि छाती वरून पाहिली तर सारे व्यवस्थित दिसते. हार्नेस काढल्यावर कुत्र्याला उताणे करून बगला बोटांनी चाचपल्याशिवाय हा दोष हाती लागत नाही.

तरीही पगला हार्नेसच घालायला हवा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आखूड नाकाच्या जातींच्या नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग लांब असतो, त्यामुळे त्यांचा श्वास मुळातच अडखळत चालतो. त्यात गळ्यावर ओढ बसली की त्रास वाढतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गळपट्ट्यातून मानेवर ताण दिल्यावर कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढल्याचे आढळले होते, हार्नेसमधून तेवढाच ताण दिल्यावर मात्र तो तसा वाढला नाही. पगचे डोळे किती बाहेर आलेले असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ज्यांची श्वासनलिका नाजूक असते अशा पोमेरेनियन आणि यॉर्कशायर टेरियर या छोट्या जातींनाही हाच विचार लागू होतो. म्हणून या संचातला हार्नेस बाजूला ठेवून, छातीचा घेर सर्वांत रुंद भागाशी आणि मानेचा घेर तिच्या मुळाशी मोजून, किमान चार ठिकाणी सैल-घट्ट करता येईल असा वेगळा हार्नेस घ्यावा. ‘लहान, मध्यम, मोठा’ या चिठ्ठ्यांवर भिस्त ठेवू नये, कारण एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांच्या छातीत बराच फरक असतो.

लीश चांगली आहे आणि तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, मुठीत धरायचा भाग आतून मऊ, शिवणीत रात्री चमकणारा धागा. पगच्या लीशला लॅब्रॅडॉरइतकाच जड धातूचा आकडा न लावता हलका आकडा लावला आहे, हा विचार कौतुकास्पद आहे, कारण जड आकडा लहान कुत्र्याच्या मानेवर सतत आपटत राहतो. याच संचाच्या महागड्या आवृत्तीत आपोआप गुंडाळली जाणारी दोरीची लीश मिळते, ती मी सुचवणार नाही. वेगाने सुटणारी ती बारीक दोरी हाताला किंवा पायाला गुंडाळली गेली तर कातडी भाजल्यासारखी सोलवटते आणि बोटांना गंभीर इजाही होऊ शकते.

गादीबाबत निराशा झाली. वरचे कापड मखमली, काठ उंच आणि गुबगुबीत, रंगसंगती बैठकीत शोभावी अशी. पण वृद्ध कुत्र्याच्या सांध्यांना हवा असतो तो आधार आतल्या फोमने द्यायचा असतो. लॅब्रॅडॉर आडवी झाली की तिच्या कोपराखाली आणि नितंबाखाली फोम इतका दबतो की हात घालून पाहिल्यावर खालची फरशी लागते. विकत घेण्यापूर्वी गादीवर गुडघा टेकवून कुत्र्याच्या वजनाइतका भार द्यावा. गुडघा तळाला टेकत असेल तर त्या गादीच्या नावात ‘ऑर्थोपेडिक’ लिहिलेले असले तरी ती पोकळच समजावी. आकार ठरवताना कुत्रा पसरून झोपला असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजून त्यात वीतभर अंतर मिळवावे. उंच काठ पगला आवडला, तो त्यावर हनुवटी टेकवून झोपतो, पण जड झालेल्या मागच्या पायांनी रोज तेच काठ ओलांडणे लॅब्रॅडॉरला अवघड जाते आणि ती शेवटी शेजारच्या सतरंजीवर जाऊन पडते. खोळ चेनने निघते हे चांगले, मात्र आतल्या फोमवर पाणी अडवणारे दुसरे आवरण नाही. वृद्ध कुत्र्याच्या गादीला ते असलेच पाहिजे, कारण एकदा फोममध्ये ओल मुरली की ती धुऊनही पुरती जात नाही.

भांडे स्टेनलेस स्टीलचे आहे आणि या एका निर्णयासाठी कंपनीला शाबासकी द्यायला हवी. प्लॅस्टिकला दातांचे ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत जंतू टिकून राहतात. स्टील उकळत्या पाण्याने धुता येते. तळाला रबराची कडा असल्याने खाताना भांडे सरकत नाही. त्याच्यासोबत येणारी नक्षीदार लाकडी घडवंची मात्र मी वापरत नाही. उंचावरून खाणे मोठ्या कुत्र्यांच्या पचनाला चांगले, असे तिच्या खोक्यावर छापलेले आहे. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड हजारांहून अधिक मोठ्या आणि अतिमोठ्या जातींच्या कुत्र्यांवर नजर ठेवून 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंचावर ठेवलेल्या भांड्याचा संबंध पोट फुगून पीळ पडण्याच्या वाढत्या धोक्याशी आढळला होता. नंतरच्या एका पाहणीत तसा संबंध दिसला नाही हे खरे, तरी पोटाचा पीळ काही तासांत जीव घेऊ शकतो. खोल छातीच्या कुत्र्यासाठी निव्वळ शोभेखातर ही जोखीम पत्करण्यात अर्थ नाही. मान किंवा सांध्यांच्या दुखण्यामुळे पशुवैद्याने उंच भांडे सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

रुमाल निरुपद्रवी आहे, पण त्याचे कापड कृत्रिम धाग्याचे आहे आणि गाठ मारूनच बांधावा लागतो. अडकला तर सहज सुटेल असे चापाचे बटण असायला हवे होते. कपड्यांविषयी एकूणच सांगायचे तर कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते, घाम येतो तो पंजांच्या गाद्यांतून अगदी थोडा, आणि उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून. पातळ केसांच्या कुत्र्याला थंडीत आणि पावसात अंगरखा उपयोगी पडतो. हस्कीसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला तो घालणे, मग तो कितीही गोंडस दिसो, म्हणजे त्याला कोंडणे होय.

उरले खेळणे, आणि रंगाच्या जुळणीचा सोस इथे सर्वांत उघडा पडतो. चेंडू संचाच्याच तांबड्या रंगाचा आहे. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, हे 1989 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगाने दाखवून दिले आहे. त्याला निळा आणि पिवळा हे रंग चांगले वेगळे ओळखता येतात, तांबडा आणि हिरवा मात्र मळकट, एकमेकांत मिसळलेले भासतात. त्यामुळे हिरवळीवर पडलेला तांबडा चेंडू आपल्याला दुरून लखलखीत दिसतो आणि लॅब्रॅडॉर त्याच्यावरून दोनदा पुढे निघून जाऊन अखेर वासाने त्याला शोधते. निळा चेंडू ती सरळ जाऊन उचलते. शिवाय संचातला चेंडू इतका टणक आहे की नखाने दाबल्यास जराही खूण उमटत नाही, आणि अशा टणक वस्तू चावताना वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडण्याची भीती असते. खेळण्यात उपयोगामागून रूप आले की काय साधते हे पाहायचे असेल तर कॉंग या कंपनीचे पोकळ रबरी खेळणे पाहावे. 1970 च्या दशकात या खेळण्याचे निर्माते जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड दगड चघळत असे, त्याने फोक्सवॅगनच्या गाडीचा एक रबरी भाग आवडीने चावायला घेतला आणि त्यावरून हा आकार पुढे आला. तीन फुगवट्यांमुळे ते खेळणे वेडेवाकडे उसळते, आत खाऊ भरता येतो, आणि आज तो आकार कुणालाही ओळखू येतो.

गळपट्ट्यासोबत येणाऱ्या नावाच्या बिल्ल्याबद्दल एक सूचना करतो. तो टांगता असून त्याची बारीक गोल तार पगच्या झटापटीत दोनदा ताणली गेली. पट्ट्यावर चपटी ओवता येणारी किंवा खिळ्यांनी ठोकलेली धातूची पट्टी अधिक टिकते, वाजतही नाही, आणि सोनेरी चौकटींवर ती अधिक नीटस दिसते. त्वचेखाली मायक्रोचिप बसवलेली असली तरी ही पट्टी हवीच. चिपमध्ये बॅटरी नसते, कुत्रा कुठे आहे हे ती सांगत नाही आणि तिच्यातला क्रमांक वाचायला यंत्र लागते. पट्टीवर कोरलेला फोन क्रमांक मात्र हरवलेला कुत्रा ज्याला सापडेल तो जागीच वाचू शकतो. म्हणून अक्षरे पुसट झाली आहेत का हे अधूनमधून पाहावे, आणि फोन बदलला की पट्टीही त्याच वेळी नवी करून घ्यावी.