पोटरीत कळ येईपर्यंत चालणे: काही महिन्यांच्या वापरानंतर

चालताना पोटरी भरून येते, कळ मारते, दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी जाते आणि साधारण तेवढंच अंतर चाललं की परत येते. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ही ठरलेली खूण. (बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच बरं वाटत असेल, तर दुखणं बहुधा कमरेच्या मणक्यातलं असतं.) यावर पहिला उपाय सांगितला जातो तो ठरवून चालण्याचा. उपाय गुणाचा आहे, फक्त बहुतेक जण तो निम्म्यावर सोडतात.

मात्रा अशी: आठवड्यातून किमान 3 दिवस, विश्रांती धरून 30 ते 60 मिनिटं, किमान 12 आठवडे. ट्रेडमिलवर ताशी 3 किमीच्या आसपास, चढ शून्य. पाचेक मिनिटांत कळ मध्यम ते बऱ्यापैकी जोराची होईल एवढा वेग हवा. तिथे थांबायचं, कळ पूर्ण जाऊ द्यायची, पुन्हा चालायचं. सलग 8-10 मिनिटं कळ येईनाशी झाली की वेग थोडा वाढवायचा किंवा चढ 1-2 टक्क्यांनी. वेग आधीच पुरेसा असेल तर चढच बरा.

घोटाळा होतो तो इथेच. जरा चमक आली की लोक थांबतात. पण स्नायूला प्राणवायू कमी पडतो, तोच तर त्याला बदलायला लावणारा इशारा. रमतगमत केलेली फेरी म्हणून या आजारात फारशी कामाची नाही, घड्याळात पावलं कितीही दिसोत. उलट टोकही वाईट: असह्य होईपर्यंत ताणलं की पाय लंगडतो आणि पुढच्या फेऱ्याच होत नाहीत. दुसरी खोड ट्रेडमिलचा दांडा घट्ट धरण्याची. वजन हातांवर जातं, आकडे छान दिसतात आणि रस्त्यावर अंतर तेवढंच राहतं. तोलापुरती बोटं टेकवा.

पहिले काही आठवडे फरक जाणवत नाही, म्हणून कळ सुरू होण्याचं आणि थांबावं लागण्याचं, अशी दोन्ही अंतरं लिहून ठेवा. पहिलं वाढू लागलं की समजा मार्गी लागलं. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर (0.9 किंवा कमी म्हणजे दोष) मात्र जवळपास तसंच राहतं. तो अपयशाचा पुरावा नव्हे. व्यायामाने तुंबलेली धमनी उघडत नाही. स्नायू मिळेल तो प्राणवायू नीट वापरू लागतो, बारीक रक्तवाहिन्यांचं काम सुधारतं. चालणं सोडलं की कमाई ओसरते. सिगारेट मात्र सोडायलाच हवी.

सायकल हा कमकुवत पर्याय, कारण भार मांड्यांवर जातो. गुडघे अजिबात साथ देत नसतील तर हातांनी फिरवायची सायकल वापरता येते. तिनेही चालण्याचं अंतर वाढतं.

मधुमेह असेल तर प्रत्येक वेळी आधी आणि नंतर तळवे, बोटांच्या बेचक्या बघा. बधिर पायाला फोड कळत नाही. छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी औषधं) घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर वेग ठरवू नये. रात्री झोपेत पाय दुखून तो खाली लोंबकळवावा लागत असेल, जखम भरत नसेल किंवा बोट काळं पडत असेल, तर चालणं बंद करून रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा. पाय अचानक गार आणि पांढरा पडला तर त्याच तासाला इस्पितळ गाठा.