सड्याचा दर मान्य नाही: संदर्भ अर्ज, लवाद की शेजाऱ्याच्या निकालाची वाट?

तुमचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, सरकारने संपादित केला आणि भरपाईचा दर पटला नाही, तर आधी नोटीस नीट वाचा. जमीन 2013च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली की 1956च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली, यावर पुढची वाट ठरते.

2013चा कायदा असेल तर कलम 64खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रकरण भरपाईचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवायला सांगता येतं. निवाड्याच्या, म्हणजे जिल्हाधिकारी भरपाई ठरवतात त्या वेळी तुम्ही हजर होता, तर तिथून सहा आठवडे. नव्हता, तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातली जी मुदत आधी संपेल ती. वेळ लागतो, वकील लागतो. पण जमीन सक्तीने घेतल्याबद्दल भरपाईच्या 100% इतकी जादा दिलासा रक्कम मिळते, आणि दर वाढला तर तीही तितकीच वाढते. वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षी 9% आणि नंतर 15% व्याज मिळतं. तरीही पटलं नाही तर उच्च न्यायालय आहेच.

महामार्गाच्या जमिनीला लवाद. तो केंद्र सरकार नेमतं, आणि तिथे समोरची बाजूही दर जास्त आहे म्हणून जाऊ शकते, हे बरेच जण विसरतात. लवादाचा निकाल पटला नाही तर न्यायालयाचं दार अरुंद आहे. 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गाच्याच एका प्रकरणात सांगितलं की लवाद कायद्याच्या कलम 34खाली लवादाचा निवाडा रद्द करता येतो, रक्कम बदलता येत नाही. 2025मध्ये त्यात थोडी फट ठेवली गेली, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. पुरावा द्यायचा तो लवादापुढेच, आणि सगळा.

तिसरी वाट आळशी माणसाची, पण खरी. अर्जच केला नाही, आणि त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढवून दिलं, तर तीन महिन्यांत कलम 73खाली तुम्हीही फेरनिर्धारण मागू शकता. खर्च जवळजवळ नाही. अडचण एवढीच की शेजारी हरला किंवा सगळेच एकमेकांकडे बघत बसले तर हाती काही नाही. ही सवलत 2013च्या कायद्यातली आहे. जमिनीचा तुकडा मोठा असेल तर मी हिच्या नादी लागणार नाही.

तिन्ही वाटांवर खरी झुंज एक-चौदाच्या उताऱ्याशी, म्हणजे गोव्यातल्या सात-बाराशी. चराऊ सडा त्यात 'पोटखराब' (लागवडीला अयोग्य) किंवा फार तर 'जिरायत' असतो, आणि मूल्यांकन त्या एका शब्दावर चालतं. आमच्या पंचनाम्यात 'गवत व झुडपे' एवढंच होतं. पावसाळाभर तिथेच चरणारी गुरं नव्हती, आजोबांनी जांभ्या दगडांचा रचलेला गडगा नव्हता, काजूची झाडं मोजली होती ती निम्मी. झाडं आणि बांधकामाची किंमत वेगळी धरायची असते, म्हणून ती आधी मोजून फोटोसकट लिहून काढा. मग सब-रजिस्ट्रारकडून संपादन प्रस्तावित झालं त्या वर्षाच्या लगत आधीच्या तीन वर्षांतले शेजारचे खरेदीदस्त काढा, खास करून रस्त्याला लागून असलेल्या सड्याचे. कायदा त्यातल्या चढ्या दराच्या निम्म्या दस्तांची सरासरी धरतो. जमीन उजाड झाली म्हणून दर कमी, हा युक्तिवाद अशाच दस्तांपुढे फिका पडतो.

पैसे मात्र घ्या. ते नाकारून काही मिळत नाही, पण 2013च्या कायद्यात मुकाट्याने उचललेत तर कलम 64चा अर्ज गेला. पावतीवर सही करण्याआधी 'रक्कम अपुरी, हरकत राखून स्वीकारली' असं लिहा, आणि तिची प्रत हातात घेतल्याशिवाय तिथून उठू नका.