४३० घोड्यांच्या जुन्या कॅमॅरोत कुठला मॅन्युअल गिअरबॉक्स टाकायचा: मन्सी, टीकेएक्स की मॅग्नम?

एका मित्राने १९६९ ची शेव्रोले कॅमॅरो घेतलीय आणि त्यात एलएस३ (शेव्रोलेचंच नव्या काळातलं व्ही८) इंजिन बसवलंय, म्हणजे आत्ता ४३० घोडे आणि साधारण ४२५ पाउंड-फूट टॉर्क, पुढे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदलून ४८० च्या वर न्यायचं त्याचं पक्कं आहे. गिअरबॉक्स कुठला टाकू म्हणून विचारलं तर चार जणांनी पाच उत्तरं दिली. इकडे मिशिगनमधे दर दुसऱ्या गॅरेजात हीच चर्चा चालते, आणि मला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी एक गैरसमज. बॉक्स घोड्यांनी तुटत नाही, झटक्याने तुटतो. गिअरचे दोन दात एकमेकांवर दाबले गेले की दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून लांब ढकलले जातात, केसिंग थोडंसं का होईना पण वाकतं, मग दातांची पकड टोकाला येते आणि तिथे तुकडा उडतो. चौथ्या गिअरला (म्हणजे १:१ ला) ताकद सरळ आरपार जाते म्हणून तो सहसा जात नाही, जातात ते खालचे. टायर साधा असेल तर तो घसरतो आणि फ्यूजसारखं काम करतो. माझ्या जुन्या पाच-गिअरी बॉक्सचा तिसरा मी असाच घालवला, इंजिनात काहीही बदललं नव्हतं, फक्त मागे चिकट ड्रॅग रेडियल (ड्रॅग रेसिंगचे टायर) टाकले आणि सिग्नलला शायनिंग मारायला गेलो. ऑइल काढलं तेव्हा ट्रेमधे दाताचे तीन तुकडे, त्यातला एक हरभऱ्याच्या डाळीएवढा. चूक शंभर टक्के माझी.

तर आता मन्सी, म्हणजे जनरल मोटर्सचा स्वतःचा जुना गिअरबॉक्स. १९६३ ते १९७४ मधली ही चार-गिअरी, या गाडीची मूळची, त्यामुळे टनेलमधे (गिअरबॉक्ससाठी गाडीच्या तळात केलेला उंचवटा) बसेल की नाही हा प्रश्नच नाही, आणि एम२२ म्हणजे लोक जिला रॉक क्रशर म्हणतात तिचे दात कमी तिरके कापलेले असतात म्हणून ती मजबूत पण सतत घूंऽऽ करत रडते. तो आवाज ज्याला आवडतो त्याला दुसरं काही दाखवूच नका. पण ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन सावकाश फिरवणारा, १:१ च्या पुढचा गिअर) नाही. हिशोब करून बघा, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.७३, टायर २६ इंची, ७० मैलाच्या वेगाला इंजिन ३,३७० च्या आसपास फिरतं. अर्धा तास ठीक, तीन तास हायवेवर चाललात तर डोकं उठेल. शिवाय एम२१ आणि एम२२ चा पहिला गिअर २.२० चा, चढावर ट्रॅफिकमधे क्लच जाळायचं काम. गाडी मूळ अवस्थेत ठेवायची असेल, शोला न्यायची असेल तरच मन्सी घ्या.

टीकेएक्स ही ट्रेमेक या गिअरबॉक्स कंपनीची पाच-गिअरी, २०२० च्या शेवटी आली, ६०० पाउंड-फूटाची रेटिंग (म्हणजे एवढा टॉर्क झेलते), ८,००० आरपीएमपर्यंत शिफ्ट होते असं कंपनी सांगते. तिच्या आधीच्या टीकेओ ६०० ची रेटिंगसुद्धा ६०० च होती, पण ती वरच्या आरपीएमला अडायची, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना हाताला कळायचं की आत कोणीतरी नाही म्हणतंय. टीकेएक्समधे तो त्रास बराच गेलाय. वजन ४५ किलोच्या आसपास, आकार लहान म्हणून बऱ्याच जुन्या गाड्यांत टनेल कापायला लागत नाही किंवा थोडं ठोकून भागतं, शिफ्टरही पुढे-मागे बसवता येतो. पहिला गिअर २.८७ किंवा ३.२७ चा मिळतो. मागे ३.७३ असेल तर ३.२७ घेऊ नका, दोन्हींचा गुणाकार १२ च्या वर जातो आणि पहिला गिअर सुरू व्हायच्या आत संपतो. साधारण १० ते ११ मधे बसवायचं, म्हणजे २.८७ बरा. पाचवा ०.६८ चा घेतला की त्याच ७० मैलाला २,३०० आरपीएम.

टी-५६ मॅग्नम ही पण ट्रेमेकचीच, सहा-गिअरी, ७०० पाउंड-फूट, आतला माल टीआर-६०६० (नव्या गाड्यांत कारखान्यातूनच येणारा ट्रेमेकचा बॉक्स) च्या घराण्यातला. सुपरचार्जरवाल्या चॅलेंजर हेलकॅटला डॉज कंपनीने ६५० पाउंड-फूट टॉर्कमागे टीआर-६०६० च दिला होता, यावरून समजा. सुपरचार्जर बसवायचा विचार असेल तर वादच नको, हीच घ्या. पण वजन ६० किलोच्या वर, अंगाने मोठी, आणि पहिल्या पिढीच्या कॅमॅरोत टनेल कापून वर नवा पत्रा वेल्ड करावा लागतो, म्हणजे कार्पेट, कन्सोल, सगळंच आलं. ०.५० चा सहावा बघून लोक हुरळतात. २६ इंची टायरवर ७० ला तो १,७०० आरपीएम देतो, कॅमवाली गाडी तिथे धक्के खाते. घ्यायचीच तर २.६६ पहिला आणि ०.६३ सहावावाली घ्या.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. बॉक्स तुटला तर पैसे जातात, फ्लायव्हील (इंजिनाच्या मागच्या टोकाची जड चकती) किंवा क्लच फुटला तर पाय जातात, कारण ते फिरतं नेमकं तुमच्या नडग्यांशेजारी. १९७० मधे कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामांकित ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा ट्रान्समिशनच फुटला, उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला, गाडीचे दोन तुकडे झाले, आणि त्यानंतर त्याने इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे नेलं. आपली गाडी तेवढी वेडी नाही, तरी एनएचआरए (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था) पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या क्लचवाल्या गाडीला एसएफआय ६.१ या सुरक्षा मानकाची बेलहाउझिंग (क्लच-फ्लायव्हील झाकणारं, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) आणि १.१ किंवा १.२ चं क्लच-फ्लायव्हील मागते ते उगाच नाही. मी तर म्हणतो रस्त्यावरच्या गाडीलाही स्टीलची ६.१ बेल टाका, महाग गिअरबॉक्स आणि जुनी कास्ट बेल हे म्हणजे सोन्याच्या दागिन्याला सुतळी.

बेल बसवल्यावर ती क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) बरोबर मधोमध बसलीय का हे डायल गेज लावून बघायचंच. गेज क्रँकला चिकटवून बेलच्या भोकाभोवती फिरवायचं, मधला बिंदू ०.००५ इंचापेक्षा जास्त सरकलेला नको (गेजवर पूर्ण फेरीत दुप्पट दिसतो हे विसरू नका), सरकला असेल तर बेल जागेवर सरकवायला ऑफसेट डॉवेल पिन मिळतात. लोक हे टाळतात आणि मग नवा बॉक्स खराब निघाला म्हणून बोंबलतात. अजून एक, शिफ्ट अडत असेल तर आधी क्लच तपासा: इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून चार सेकंद थांबा, रिव्हर्स टाका, करकरला तर क्लच सुटत नाहीये, बॉक्सचा काही दोष नाही.

मित्राला मी सांगितलं, टीकेएक्स २.८७ आणि ०.६८, स्टीलची बेल, ट्विन डिस्क क्लच, आणि चिकट टायरवर क्लच धाडकन सोडायचा नाही. त्याचं म्हणणं, सहा गिअर लिहिलेला नॉब दिसला की बरं वाटतं. शनिवारी टनेल कापायला बोलावलंय, ग्राइंडर माझाच नेतोय.