फुलांच्या घाटीत तंबूत मुक्काम म्हणून आमचे ५८ हजार गेले

घाटीच्या अलीकडच्या घांगरिया गावापुढे वनखात्याची चौकी लागते. तिथल्या खिडकीतून मी माझा मोबाइल आत दिला. स्क्रीनवर आमचा ‘कॅम्पिंग परवाना’ होता. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मध्ये आम्हा चौघांची नावं आणि दोन रात्रींच्या तारखा. आतल्या माणसाने तो बोटांनी मोठा करून नीट वाचला. मग मोबाइल परत देत म्हणाला, “बहनजी, अंदर रात को कोई नहीं रुक सकता. ऐसा परमिट होता ही नहीं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असा कागद दाखवणारे आम्ही पहिले नव्हतो, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मी, माझी मुलगी, मावसबहीण आणि तिचे यजमान, असे चौघं उत्तराखंडातल्या ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ला निघालो होतो. ऑगस्ट महिना, म्हणजे ऐन बहर. फेसबुकवर एका ट्रेक आयोजकाची जाहिरात दिसली: गोविंदघाट ते गोविंदघाट, पाच दिवस, त्यातल्या दोन रात्री थेट घाटीत तंबूत. बाकी सगळे आयोजक घांगरियात लॉजवर उतरवत होते. हा एकटाच घाटीत झोपवणार होता. मुलगी म्हणाली, “आई, फुलांमध्ये सकाळी जाग येईल!” तिथेच माझा निर्णय झाला.

माणशी १४,५००. आधी अर्धे भरायचं ठरलं होतं. दोन दिवसांनी फोन आला की वनखात्याचा कोटा संपत आलाय, पूर्ण रक्कम आज भरली तर परवाना पक्का होईल. बोलणारा मुलगा फार नम्र होता. कुणाला गुडघ्याचा त्रास आहे का, पोर्टर हवाय का, स्लीपिंग बॅग किती थंडीची देऊ, सगळं विचारायचा. यूपीआयवर पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव न येता कुणा एका माणसाचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला, ते आमच्या अकाउंटंटचं खातं. मी थांबले होते, पण मग पिन टाकला. तो क्षण मला अजून टोचतो, कारण शंका आली होती आणि मी ती गिळली.

आता नियम काय आहे ते सांगते. ही घाटी १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २००५ पासून नंदादेवीसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आत पर्यटकांना तंबू ठोकायला, मुक्काम करायला बंदी आहे. सकाळी चौकीवर तिकीट काढायचं, आत फिरायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचं. दुपारनंतर तर आत सोडतही नाहीत. मुक्काम घांगरियातच. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढंच उघडं असतं. यातलं काहीही गुप्त नाही. वनखात्याला एक फोन केला असता तरी कळलं असतं. मी मात्र त्या मुलाला चाळीस प्रश्न विचारले आणि उद्यानाला एकही नाही.

गोविंदघाटला आम्हाला घ्यायला कुणी आलं नव्हतं. फोनवर सांगितलं, गाइड वर चौकीपाशी तंबू घेऊन थांबलाय, तुम्ही या. पुलन्यापर्यंत जीपने गेलो, तिथून घांगरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरची चढण, वर सतत पाऊस. बहिणीचे यजमान साठीचे आहेत. दर वळणावर ते थांबायचे आणि मी म्हणायचे, आता वर गेलं की तंबू तयार असेल. चौकीवरून फोन लावला तेव्हा रिंग गेली. दुसऱ्यांदा लावला तेव्हा बंद.

हेमकुंड साहिब या शीख तीर्थाच्या यात्रेकरूंनी घांगरियातले लॉज भरले होते. चार ठिकाणी नाही ऐकल्यावर गुरुद्वाऱ्यात गेलो. तिथल्या सेवेकऱ्यांनी नाव-गाव न विचारता आधी चहा दिला, मग एकेकाला दोन-दोन घोंगड्या. त्या रात्री मुलगी माझ्याशी काही बोलली नाही. नुसता माझा हात धरून झोपली.

दुसऱ्या दिवशी रीतसर तिकीट काढून घाटी पाहिली. पुष्पावती नदीचा आवाज, गुलाबी तेरड्याचे उतारच्या उतार, १९३९ साली फुलं गोळा करताना कड्यावरून पडून गेलेल्या जोन मार्गारेट लेग या वनस्पतिअभ्यासक बाईंची समाधी. घाटी सुंदरच आहे, जरूर जा. तंबूची काहीच गरज नाही.

घरी आल्यावर कागद तपासले. ऑफिस डेहराडूनचं लिहिलं होतं, पण पावतीवरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली, उत्तराखंडचा कोड ०५. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर हार्डवेअरच्या एका दुकानाचं नाव आलं. बिचाऱ्या दुकानदाराला कदाचित पत्ताही नसेल. जाहिरातीतला फोटो गुगलवर शोधला, तर तो काश्मीरमधल्या एका तळ्याकाठचा निघाला. घाटीत नदी वाहते. फोटोत तंबूंमागे शांत निळं तळं होतं आणि आम्हा चौघांपैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नाही.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. तिथल्या बाईंनी सांगितलं, पैसे गेल्या गेल्या फोन आला तर खात्यातली रक्कम गोठवता येते. आमचे पैसे जाऊन पाच आठवडे झाले होते, खातं रिकामं होतं. म्हणून ज्यांनी असे पैसे नुकतेच भरलेत आणि मनात शंका आहे, त्यांनी ट्रेकच्या तारखेची वाट पाहू नका, आजच १९३० ला फोन करा. ग्राहक आयोगातही तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी डेहराडूनला जावं लागत नाही. आमची केस तिथे चालू आहे.

हे आता लिहिण्याचं कारण म्हणजे परवा मुलीला तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवीन, नंबर नवीन, फोटो तोच: निळं तळं, चार पिवळे तंबू, डाव्या कडेला एक लाल. ‘घाटीत मुक्काम, शेवटच्या सहा जागा.’ तुमच्या ओळखीत कुणी यंदा घाटीला निघालं असेल, तर पैसे भरण्याआधी त्यांना हे वाचायला द्या.