ओपीडीत शिकवायला वन-मिनिट प्रिसेप्टर की स्नॅप्स?

पालिका रुग्णालयातली मेडिसिनची ओपीडी, टेबलावर केसपेपरांचा गठ्ठा आणि शेजारी इंटर्न. यात शिकवायचं कधी, हा प्रश्न मुंबईतल्या नव्या असिस्टंट प्रोफेसरला पडतोच. पेशंट पाहता पाहता शिकवायच्या या दोन पद्धती: वन-मिनिट प्रिसेप्टर १९९२ची, त्यात शिक्षक प्रश्न विचारत जातो; स्नॅप्स २००३ची, त्यात विद्यार्थीच केस पुढे नेतो. दोन्ही पद्धती मी वापरल्यात. पायऱ्या तुम्हाला ट्रेनिंगमध्ये घोटून घेतल्याच असतील, त्यात शिरत नाही.

कागदावर स्नॅप्स सरस. केस थोडक्यात मांडणं, दोन-तीन निदानं ताडून पाहणं, पुढे काय करायचं ते ठरवणं, सगळी सूत्रं विद्यार्थ्याच्या हाती. एमडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या रेसिडेंटला ती शोभतेही.

घोडं पेंड खातं ते स्नॅप्सच्या 'प्रोब' या पायरीपाशी. तिथे विद्यार्थ्याने स्वतःला न कळलेलं विचारायचं असतं. आमच्याकडे सरांना प्रश्न विचारणं म्हणजे चारचौघांत आपलं अज्ञान मांडणं, तेही बाहेर रांग ताटकळत असताना. उत्तर ठरलेलं: "काही डाऊट नाही, सर." फारच मागे लागलं, तर उत्तर आदल्या रात्री वाचून ठेवलेला प्रश्न येतो! आणि आपण गंभीर चेहऱ्याने त्याचं उत्तर देत बसतो.

प्रिसेप्टरमध्ये विचारायचं काम आपलं. जुलैतला ताप घ्या. इंटर्न म्हणते, "डेंग्यू वाटतो, सर." कशावरून? "प्लेटलेट कमी आहेत." त्या मलेरियात आणि लेप्टोतही (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) उतरतात, हे एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं. पेशंट साचलेल्या पाण्यातून चालला होता का, हे तिने आधीच विचारलेलं असतं, त्याला शाबासकी. लेप्टोच्या खुणा शोधायला पोटऱ्या दाबून पाहिल्या नाहीत, डोळ्यांची लाली पाहिली नाही, ते लगेच करून घ्यायचं, कारण पेशंट अजून स्टुलावरच आहे. तिला काय येत नाही, हे तिने कबूल न करताच कळतं.

नावाप्रमाणे मिनिटात काही उरकत नाही, हेही खरं. शिवाय गर्दीत शाबासकीची पायरी सगळ्यात आधी गळते, तेवढी सांभाळावी लागते.

ओपीडी निवांत असेल आणि मुलं बोलकी असतील, तर तुमचा अनुभव वेगळा येऊ शकतो. मी स्नॅप्स आता वॉर्डातल्या रेसिडेंटपुरती ठेवलीय. तिथेही आदल्या दिवशीच बजावतो, उद्या उत्तर न सापडलेला एक प्रश्न घेऊन ये.