मुलाने थैमान घातलं तर: जवळ बसावं की लक्ष काढून घ्यावं?

दीड वर्षाचं मूल पहिल्यांदा भर दुकानात लोळण घेतं, तेव्हा आईबाबांना दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक, "अगं, घे ना त्याला जवळ." दुसरा, "बघूच नका त्याच्याकडे, आपोआप गप्प होईल." दोन्ही सल्ले अनुभवाचे आहेत आणि दोन्ही कामाला येतात. मात्र त्यांची वेळ वेगळी असते. ती ओळखायची तर मूल नेमकं कशामुळे बिथरलं आहे, हे आधी बघावं लागतं.

बहुतेक मुलांचे हे प्रकार एक ते दीड वर्षाच्या आसपास सुरू होतात, दोन-तीन वर्षांचं असताना टिपेला पोहोचतात आणि चौथ्या वर्षानंतर ओसरू लागतात. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या पालकांकडून अशा प्रसंगांची वर्णनं घेऊन २००३ साली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत आटोपले होते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: किंचाळणं, लाथा मारणं हा रागाचा भाग सुरुवातीलाच शिगेला जाऊन उतरत जातो, तर रडणं आणि कुशीत शिरू पाहणं हा दुःखाचा भाग हळूहळू वाढत जातो. म्हणून पहिल्या उसळीत समजावून सांगण्यात अर्थ नाही. त्या वेळी काहीही कानात शिरत नाही.

जवळ बसणं म्हणजे खाली त्याच्या उंचीवर येऊन "राग आलाय ना तुला? मी आहे इथेच" एवढंच बोलायचं आणि थांबायचं. काही मुलांना तेव्हा हात लावलेला चालत नाही, त्यांच्याजवळ नुसतं बसावं. भूक, अपुरी झोप, लग्नघरातली गर्दी, हवं ते सांगता न येणं, यातून रडू फुटलं असेल तर दुसरा कोणताही मार्ग याच्याइतका उपयोगी नाही. आपला आवाज चढला नाही की मुलालाही हळूहळू सावरता येतं. अडचण वेळेची आहे. सकाळी पाळणाघराची घाई असताना दहा मिनिटं जमिनीवर बसणं सगळ्यांना शक्य नसतं.

लक्ष काढून घेणं चालतं ते मागणीसाठी केलेल्या हट्टापुरतं: अजून एक चॉकलेट हवं, मोबाइल हवा. त्याच खोलीत थांबून आपलं काम चालू ठेवायचं आणि मूल शांत झालं की लगेच प्रेमाने बोलायचं. ही पद्धत सुरू केली की आधी ओरडणं वाढतं, मग कमी होतं. नेमकं त्या वाढीच्या वेळी आजोबांनी चॉकलेट दिलं, तर इतकं ओरडलं की मिळतं, हेच ते शिकतं. म्हणून घरातल्या सगळ्यांचं एकमत नसेल तर या वाटेला जाऊ नये. मूल घाबरलं असेल, चावत असेल, रस्त्याकडे धावत असेल, तर दुर्लक्ष करायचंच नाही. खोलीत कोंडून ठेवणं तर यात बसतच नाही.

"ते बघ काऊ!" हा जुना उपाय दोन वर्षांखालच्या मुलांना छान लागू पडतो, पण रडं पुरतं पेटायच्या आधीच.

हातात मोबाइल दिला की शांतता सर्वांत लवकर होते, आणि पुढच्या वेळी मूल तोच मागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखाली मुलांना स्क्रीनसमोर बसवूच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास. बागुलबुवाची भीती आणि चापट हे मार्ग मी निवडीतच धरत नाही. त्याने मूल गप्प होतं, पण स्वतःचा राग आवरायला शिकत नाही.

मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर मी निःशंकपणे जवळ बसणंच सुचवेन. त्या वयात हिशेबाने हट्ट करण्याइतकी समज आलेली नसते. अडीच-तीन वर्षांपुढे दोन्हींची सांगड घालावी: जवळ राहावं, ओरडण्याला उत्तर देऊ नये आणि एकदा दिलेला नकार बदलू नये. मूल दमलेलं दिसलं तर मात्र आधी खायला द्यावं, झोपवावं.

रडता रडता श्वास कोंडून मूल निळं पडत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. बहुतेकदा ते धोक्याचं नसतं, पण काही मुलांत त्यामागे लोहाची कमतरता असते आणि तिच्यावर उपचार होतो. मूल वारंवार स्वतःला इजा करून घेत असेल, प्रत्येक वेळी अर्धा-अर्धा तास शांत होत नसेल किंवा चौथ्या वर्षानंतर प्रकार वाढतच असतील, तरीही बालरोगतज्ज्ञांना विचारावं.